कार्यालयात कुजबूज का वाढते

हजर नसलेल्या सहकाऱ्याबद्दल, त्याच्या कामाविषयी किंवा खासगी आयुष्याविषयी, इतरांनी आपसांत केलेली बरीवाईट चर्चा म्हणजे कुजबूज; आजच्या बोलीत गॉसिप. तिच्या शेजारी आणखी दोन गोष्टी वावरतात. एक अफवा. तिचा विषय बहुतेक वेळा घटना असते आणि ती खरी की खोटी हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते. ‘आपले युनिट बंद होणार आहे’ ही अफवा. दुसरी चहाडी, म्हणजे सहकाऱ्याची गोष्ट मुद्दाम वरिष्ठाच्या कानावर घालणे. प्रत्यक्षात तिन्ही एकमेकींत मिसळतात. युनिट बंद होण्याची अफवा पाहता पाहता ‘कोणाकोणाला काढणार’ या कुजबुजीत उतरते आणि त्या कुजबुजीत कोण काय म्हणाले याची चहाडी संध्याकाळपर्यंत साहेबांकडे पोचते. तरीही उपाय शोधताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो, कारण तिन्हींची मुळे वेगवेगळ्या ठिकाणी असतात.

माणसे गैरहजर व्यक्तींबद्दल किती बोलतात, हे मोजण्याचा एक नेटका प्रयत्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतील मेगन रॉबिन्स आणि अलेक्झांडर कॅरन यांनी केला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४६७ माणसांनी अंगावर एक छोटे ध्वनिमुद्रण यंत्र बाळगले होते. ते अधूनमधून आपोआप सुरू होऊन आजूबाजूचे बोलणे टिपत असे. त्यावरून काढलेला हिशेब दिवसाकाठी सरासरी ५२ मिनिटांचा निघाला. त्यातले सुमारे तीन चतुर्थांश बोलणे मात्र निरुपद्रवी होते: अमक्याची बदली झाली, तमकीला मुलगी झाली, या धर्तीचे. निंदेचा वाटा लहान होता, पण स्तुतीपेक्षा मोठा. कुचाळक्या हा बायकांचा उद्योग, ही फार जुनी समजूत या नोंदींपुढे टिकली नाही. स्त्रियांच्या बोलण्यात निरुपद्रवी भाग अधिक होता, निंदेच्या बाबतीत स्त्रीपुरुषांत फरक आढळला नाही. गरीब किंवा कमी शिकलेली माणसे जास्त गॉसिप करतात, हेही खरे निघाले नाही. तेव्हा कार्यालयातल्या कुजबुजीचे खापर एखाद्या गटाच्या स्वभावावर फोडण्यात अर्थ नाही. तिची कारणे कामाच्या ठिकाणच्या परिस्थितीत शोधायला हवीत.

सर्वांत मूलभूत कारण माणसाच्या समूहवृत्तीत आहे. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी ‘ग्रूमिंग, गॉसिप अँड द इव्होल्यूशन ऑफ लँग्वेज’ या १९९६ सालच्या पुस्तकात असा सिद्धान्त मांडला की माकडे एकमेकांच्या अंगावरचे केस विंचरून, किडे वेचून जे नाते टिकवतात ते माणसांचे मोठे गट बोलण्यातून टिकवतात. कोण कोणाचा, कोणावर विसंबावे, कोण शब्दाला जागत नाही, ही माहिती गटात राहणाऱ्याला लागतेच. हा सिद्धान्त भाषेच्या उगमाबद्दल खरा असो वा नसो, नव्या नोकरीत रुजू झालेल्या माणसाच्या बाबतीत तो रोज पटतो. नियमपुस्तिकेत रजेचे नियम असतात. पण कोणत्या साहेबांकडे रजेचा अर्ज सकाळी न्यावा आणि कोणाकडे जेवणानंतर, हे डबा खाताना शेजारी बसलेला सहकारीच सांगतो. आपल्याला आतली गोष्ट सांगितली जाते याचा अर्थ आपण गटात आलो, असा असतो. सांगणारा आणि ऐकणारा यांच्यात त्यातून जवळीक तयार होते. ती खोटी नसते, पण बऱ्याचदा तिसऱ्याच्या पाठीवर उभी असते.

दुसरे कारण अनिश्चितता. कार्यालयाच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९४७ साली ‘द सायकॉलॉजी ऑफ रूमर’ या पुस्तकात अफवेचा एक सोपा नियम मांडला: अफवेचा जोर हा विषयाचे महत्त्व आणि त्याबद्दलची संदिग्धता यांच्या गुणाकाराएवढा असतो. दोहोंपैकी एक जरी शून्य झाले तरी अफवा उरत नाही. कॅन्टीनमधल्या खुर्च्या बदलणार की नाही हे कोणालाच ठाऊक नसले तरी त्याची अफवा होत नाही, कारण त्यात कोणाचे काही अडलेले नसते. दर महिन्याच्या ठरावीक तारखेला होणारा पगार अत्यंत महत्त्वाचा असतो, पण तो ठरल्याप्रमाणे होत असेल तर त्याचीही अफवा होत नाही. तोच पगार आठवडाभर लांबला आणि कोणी काही बोलले नाही, की दुपारपर्यंत कंपनी विकायला काढलेली असते.

याच्याशी जोडलेला एक अभ्यास भारतातला आहे आणि तो जगभर गाजला. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळमध्ये प्रचंड भूकंप झाला. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी त्यानंतर पसरलेल्या अफवा गोळा केल्या आणि १९३५ साली त्यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. पुढे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांचे लक्ष त्यातल्या एका विचित्र गोष्टीकडे गेले. जिथे धक्का जाणवला पण पडझड झाली नव्हती, तिथल्या लोकांत आणखी भीषण संकटांच्या वावड्या उठत होत्या. धीर देणाऱ्या बातम्यांऐवजी घाबरलेली माणसे घाबरवणाऱ्या बातम्या का पसरवतील? फेस्टिंजर यांचे उत्तर असे की मनात भीती बसली होती आणि डोळ्यांसमोर तिचे कारण दिसत नव्हते. अफवेने ते कारण पुरवले. १९५७ साली त्यांनी मांडलेल्या मानसिक विसंगतीच्या प्रसिद्ध सिद्धान्तामागे या निरीक्षणाची प्रेरणा होती. कार्यालयातला धसकाही असाच असतो. वरिष्ठांच्या बैठका अचानक वाढतात, केबिनची दारे बंद राहू लागतात, नेहमी हसून बोलणारा व्यवस्थापक नजर टाळतो. धक्का जाणवतो, पडझड दिसत नाही. मग त्या अस्वस्थतेला शोभेल अशी गोष्ट कोणीतरी जुळवते. ती वाईटच असते, कारण चांगली गोष्ट त्या अस्वस्थतेचा उलगडा करू शकत नाही.

कुजबूज कशाबद्दल होते यावरून ती संस्था काय दडवते हे ओळखता येते. सरकारी कार्यालयात पगार हा कुजबुजीचा विषय होत नाही. वेतनश्रेणी सर्वांना ठाऊक असते आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक अधिकाऱ्याचे आणि कर्मचाऱ्याचे मासिक वेतन स्वतःहून प्रसिद्ध करणे सार्वजनिक प्राधिकरणांवर बंधनकारक आहे. तिथे कुजबूज असते ती बदल्यांची, पदोन्नतीची आणि चौकशांची. खासगी कंपनीत नेमके उलटे. तिथे पगार गुप्त, म्हणून अप्रेझलच्या दिवसांत कोणाला किती टक्के मिळाले याखेरीज दुसरा विषय नसतो.

महाराष्ट्रातल्या सरकारी बदल्यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन करणारा राज्याचा कायदा २००५ सालचा. एका पदावरचा कालावधी साधारणतः तीन वर्षे आणि सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे ‘कधी’ हा प्रश्न कायद्याने बराचसा सोडवला. पण विशेष कारणे नोंदवून मुदतीआधी किंवा वर्षाच्या मध्येच बदली करण्याची तरतूदही त्यात आहे, आणि ‘कोणाची, कुठे, कोणाच्या शब्दाने’ ही सारी चर्चा त्या फटीतून वाहते. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांच्या बदल्या २०१७ च्या शासन निर्णयाने संगणकीय पद्धतीकडे नेल्या गेल्या. संवर्ग, प्राधान्यक्रम, सेवाज्येष्ठता असे निकष लेखी आले. त्या निकषांवर वाद झाले, आक्षेप घेतले गेले. पण निकषावर उघडपणे भांडणे आणि कोणी कोणाला गाठले याची स्टाफरूममध्ये चर्चा करणे यांत मोठा फरक आहे. पहिल्या भांडणाला काहीतरी उत्तर देता येते.

गोपनीय अहवालांची कथाही अशीच. सरकारी नोकराबद्दल वरिष्ठाने दरवर्षी लिहायचा हा अहवाल. पूर्वी त्यातला फक्त प्रतिकूल शेरा संबंधिताला कळवला जाई. बाकी शेरे अंधारात. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले की प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. या खटल्यातल्या अभियंत्याला ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता, तो प्रतिकूल नव्हता म्हणून कळवला गेला नाही. पदोन्नतीसाठी मात्र ‘अतिशय चांगला’ लागत होता. आपल्याबद्दल काय लिहिले गेले हे माणसाला कळत नाही तेव्हा तो आस्थापना शाखेत चहा पाजून ते काढू पाहतो. शेरा हातात मिळाला की निदान त्याला हरकत घेण्याचा रस्ता खुला होतो.

कुजबुजीचे तिसरे कारण बचावाचे आहे आणि तिची चर्चा करणारे बहुतेक लोक ते विसरतात. मॅथ्यू फाइनबर्ग, रॉब विलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सहभागी माणसांना एका खेळात कोणीतरी लबाडी करताना पाहायला मिळे. ती पाहताना त्यांच्या हृदयाचे ठोके वाढत. पुढच्या खेळाडूला सावध करणारी चिठ्ठी लिहिण्याची संधी मिळाली की ती अस्वस्थता उतरे. काहींनी तर सावध करण्यासाठी पदरचे पैसेही सोडले. आपल्याबद्दल बोलले जाऊ शकते हे कळल्यावर स्वार्थी खेळाडूही नीट वागू लागले. कार्यालयात याचे रूप सर्वांना परिचित आहे. ‘त्या सरांच्या केबिनमध्ये एकटी जाऊ नकोस’ हे नव्या मुलीला जुनी सहकारी हळूच सांगते. ‘तो कंत्राटदार सही घेतो आणि पैसे कमी देतो’ हे मजूर एकमेकांना सांगतात. हेही पाठीमागचेच बोलणे. पण ज्यांना उघड बोलण्याची किंमत परवडत नाही त्यांचे ते एकमेव संरक्षण असते. त्याला निंदेच्या रांगेत बसवणे हा अन्याय आहे.

चौथे कारण मत्सर आणि सत्ता. याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. पदोन्नती एक आणि इच्छुक पाच असले की त्यांतल्या एखाद्याला स्वतःचे काम वाढवण्यापेक्षा दुसऱ्याचे नाव खाली आणणे सोपे वाटते. शिवाय बातमी जवळ असणे ही स्वतःच एक पत आहे. हुद्द्याने काहीच न मिळालेला माणूस आतल्या बातमीच्या जोरावर चारचौघांत मानाची जागा मिळवतो.

कुजबूज फिरते कशी, याचा पहिला नावाजलेला अभ्यास कीथ डेव्हिस यांनी १९५३ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले की बातमी साखळीसारखी एकाकडून एकाकडे जात नाही, आणि ऐकणारा प्रत्येक जण ती पुढेही देत नाही. एका कंपनीत एक अधिकारी नोकरी सोडणार ही बातमी ८१ टक्के अधिकाऱ्यांना कळली होती. पुढे सांगितली होती फक्त ११ टक्क्यांनी. म्हणजे पसरवणारे मूठभर असतात, बाकीचे ऐकून थांबतात. हे मूठभर लोक स्वभावाने वाईट असतात असेही नाही. अनेकदा ते अशा जागी बसलेले असतात की जिथून दोन विभाग एकमेकांना भेटतात: साहेबांचे लघुलेखक, वाहनचालक, टपाल फिरवणारा शिपाई, खासगी कंपनीत भरतीचे काम पाहणारी मंडळी. गाडी कुठे गेली आणि कोणता कागद कोणाकडे गेला, एवढ्यावरून त्यांना पुष्कळ कळते.

अशा बातम्यांतला बराचसा तपशील खरा असतो, आणि धोका तिथेच आहे. डेव्हिस यांनी नोंदवलेल्या एका बातमीत कारखान्यातला वेल्डर महाव्यवस्थापकाच्या मुलीशी लग्न करणार असे होते. लग्न खरे, तारीख खरी, ठिकाण खरे. मुलगी मात्र दुसऱ्याच घरची. तिचे आडनाव तेवढे महाव्यवस्थापकाचे होते. नव्वद टक्के खऱ्या बातमीतला जो भाग खोटा असतो, नेमका त्याच्यासाठी ती सांगितली जाते.

सांगता सांगता बातमी कशी बदलते हे ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांनी प्रयोगातून दाखवले. एका माणसाने चित्र पाहून दुसऱ्याला सांगायचे, दुसऱ्याने न पाहता तिसऱ्याला. पाच-सहा तोंडांत सुमारे ७० टक्के तपशील गळून जाई. जे उरे ते अधिक ठसठशीत होई आणि सांगणाऱ्यांच्या आधीच्या समजुतींच्या साच्यात बसे. एका चित्रात भुयारी रेल्वेच्या डब्यात एक गोरा आणि एक काळा माणूस बोलताना दाखवले होते. वस्तरा गोऱ्याच्या हातात होता. निम्म्याहून जास्त प्रयोगांत कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर तो वस्तरा काळ्या माणसाच्या हातात गेला. आपल्या कार्यालयांतही हेच घडते. राखीव जागेवर आलेल्या अधिकाऱ्याची एखादी साधी चूक चार टेबले फिरून आली की ती चूक राहत नाही, त्याच्या जातीचा पुरावा होते. लवकर बढती मिळालेल्या स्त्रीच्या कामाची चर्चा चार तोंडांनंतर तिच्या चारित्र्याची झालेली असते. कोणी मुद्दाम खोटे बोललेले नसते. प्रत्येकाने थोडेसे तिखटमीठ लावलेले असते आणि ते सगळ्यांच्या घरी एकाच डब्यातून आलेले असते.

व्हॉट्सअॅपने यात एक फरक केला. जवळजवळ प्रत्येक विभागाचे दोन गट असतात, एक साहेबांसहित आणि एक साहेबांशिवाय. तोंडी कुजबूज विरून जायची. लिहिलेली राहते, तिचा स्क्रीनशॉट निघतो, आणि दोन वर्षांपूर्वी रागाच्या भरात टाकलेले वाक्य भलत्याच वेळी भलत्याच माणसासमोर येते.

नुकसानाचे वाटप सारखे होत नाही. लिया एलवार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधल्या एका बालसंगोपन संस्थेत केलेल्या अभ्यासात, जो २०१२ साली प्रसिद्ध झाला, असे दिसले की कौतुकाचे बोलणे बऱ्याच जणांच्या वाट्याला थोडे थोडे येते. निंदा मात्र थोड्याच माणसांवर एकवटते, आणि ती माणसे बहुधा आधीच एकटी पडलेली, कमी पत असलेली असतात. त्या माणसाला काय चालले आहे हे शब्दांत सांगताही येत नाही. तो आला की बोलणे थांबते, जेवायला त्याला कोणी हाक मारत नाही, बैठकीत त्याच्या सूचनेवर दोघे एकमेकांकडे पाहतात. आरोप कोणता हेच माहीत नाही, तर खुलासा कशाचा करणार? आजारपण, घटस्फोट, मूल न होणे, मानसोपचार या गोष्टी तर अशा असतात की त्या सांगणे न सांगणे हा ज्याच्या त्याच्या हक्काचा प्रश्न आहे. त्या परस्पर फिरल्या की माणूस नोकरी सोडतो आणि कारण म्हणून ‘वैयक्तिक’ असे लिहितो.

सांगणाराही कोरडा राहत नाही. जॉन स्कोव्रॉन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९८ सालच्या प्रयोगांत असे आढळले की एखादा दुसऱ्याचे जे दुर्गुण सांगतो ते ऐकणाऱ्याच्या मनात नकळत सांगणाऱ्यालाच चिकटतात. दुसऱ्याच्या अप्रामाणिकपणाचे किस्से रंगवून सांगणारा माणूस काही दिवसांनी स्वतःच अप्रामाणिक वाटू लागतो.

हे सारे पाहून पुष्कळ संस्थांना बंदीचा मोह होतो. तो टाळावा. बंदीने अफवेच्या मुळाशी असलेली संदिग्धता कमी होत नाही. उलट बोलायला बंदी आहे म्हणजे दडवण्यासारखे काहीतरी आहे, असा अर्थ निघतो. दुसरे म्हणजे बंदीचा वापर दुबळ्यांविरुद्ध होतो. अमेरिकेत १९३५ च्या श्रमसंबंध कायद्याने कामगारांना पगार आणि कामाच्या परिस्थितीबद्दल आपसांत बोलण्याचा हक्क आहे, आणि तिथल्या राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने २०१४ साली एका संस्थेचे ‘गॉसिप करू नये’ हे सरसकट धोरण याच कारणासाठी बेकायदा ठरवले. वरिष्ठाचा पक्षपात, कमी पगार, छळ यांबद्दलचे बोलणेही ‘गॉसिप’ म्हणून दाबता येत होते. निंदा कमी व्हावी आणि इशारा राहावा, असा मार्ग हवा.

त्यातला सर्वांत खात्रीचा भाग माहितीचा. डेव्हिड श्वायगर आणि अँजेलो डेनिसी यांनी कंपन्यांच्या विलीनीकरणाच्या काळात एकाच कंपनीच्या दोन कारखान्यांची तुलना केली. हा अभ्यास १९९१ सालचा. एका कारखान्यातल्या कामगारांना मुख्य अधिकाऱ्याचे एक पत्र मिळाले, पुढे काही नाही. दुसऱ्यात नियमित वार्तापत्र निघे, प्रश्न विचारण्यासाठी दूरध्वनीची सोय होती आणि व्यवस्थापक दर आठवड्याला कामगारांशी बोलत. विलीनीकरणाच्या घोषणेचा धक्का दोन्हीकडे बसला. पण पहिल्या कारखान्यात अनिश्चितता वाढत राहिली, तर दुसऱ्यात ती स्थिरावली आणि कंपनीवरचा विश्वास सावरत गेला. बातमी दुसऱ्या कारखान्यातही गोड नव्हती, हे महत्त्वाचे. वाईट बातमी माणसे पचवतात. अर्धवट बातमी पचत नाही.

प्रत्यक्षात व्यवस्थापकाला सगळे सांगता येत नाही. निर्णय झालेला नसतो किंवा कायद्याने बोलता येत नाही. अशा वेळी ‘काही प्रतिक्रिया नाही’ म्हणणे किंवा ‘काळजी करू नका’ म्हणून पाठ थोपटणे, दोन्ही वाया जाते. त्याऐवजी काय ठरले आहे, काय ठरलेले नाही, ते कोण ठरवणार आणि कोणत्या तारखेपर्यंत कळवले जाईल, एवढे स्पष्ट सांगावे. आणि त्या तारखेला सांगण्यासारखे काही नसले तरी तेवढे सांगायला समोर यावे. खोटी अफवा खोडायची तर कारणासह खोडावी. युनिट बंद होणार नाही असे नुसते म्हणण्यापेक्षा नव्या यंत्राची मागणी नोंदवली आहे आणि ते कधी येणार, हे सांगणे जास्त पटते. बदली, बढती, पगारवाढ यांचे निकष आधी लेखी जाहीर झाले आणि नकाराचे कारण संबंधिताला समोर बसवून सांगितले गेले, तर कुजबुजीचा मोठा साठा आपोआप आटतो.

दुसरा भाग वरिष्ठाच्या वागण्याचा. आपल्या कार्यालयांत साहेबांचा एक ‘खास माणूस’ असतो, जो रोज संध्याकाळी दिवसभराचा वृत्तान्त देतो. साहेबांना वाटते आपल्याला सगळे कळते. त्यांना कळते ते त्या एका माणसाच्या आवडीनिवडीतून गाळलेले. चहाडीने काही साधत नाही हे दिसल्याशिवाय ती थांबत नाही. ‘तुम्ही त्यांच्याशी बोललात का? बरे, त्यांनाही बोलावतो’ एवढे एक वाक्य दोन-तीनदा उच्चारले गेले तरी वृत्तान्त देणाऱ्यांची रांग कमी होते. दोघांसमोर जे बोलता येत नाही ते ऐकायचेच नाही, हा नियम कठोर आहे. त्याला एकच अपवाद: छळाची किंवा गैरव्यवहाराची तक्रार, जी खासगीतच ऐकावी लागते.

त्यासाठी तक्रारीचा विश्वासार्ह मार्ग असावा लागतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने सक्तीचे आहे. त्याच कायद्याचे कलम १६ तक्रारदाराचे नाव, तक्रारीतला मजकूर आणि चौकशीची माहिती उघड करण्यास मनाई करते. समितीच्या किंवा चौकशीच्या कामातल्या व्यक्तीने ती फोडली तर नियमांनुसार पाच हजार रुपये दंड आहे. ही रक्कम लहान आहे, पण तत्त्व मोलाचे. समितीपुढची गोष्ट दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये पोचली की पुढची स्त्री समितीकडे जात नाही, ती फक्त मैत्रिणीच्या कानात सांगते. कुजबूज वाढली आहे असे वाटणाऱ्या संस्थेने आपल्या समितीकडे वर्षभरात कोणी का आले नाही, हे आधी तपासावे.

तिसरा भाग ऐकणाऱ्याचा. समाजशास्त्रज्ञ डोना एडर आणि जेनेट एन्की यांनी शाळकरी मुलामुलींच्या गप्पांचा बारकाईने अभ्यास करून १९९१ साली दाखवले की कोणीतरी पहिले वाईट मत मांडल्यानंतर लगेच काय उत्तर येते यावर पुढचे सगळे ठरते. पहिल्याच क्षणी कोणी वेगळे मत दिले तर निंदा तिथेच अडते. एकाने जरी दुजोरा दिला तर नंतर विरोध करणे फार अवघड होते. २००९ साली टिम हॅलेट, ब्रेंट हार्जर आणि एडर यांनी एका प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांच्या बैठका तपासल्या, तेव्हा मोठ्या माणसांतही हेच चाललेले दिसले. विषय बदलणे, किंवा वाईट मत येण्याच्या आधीच त्या व्यक्तीबद्दल एखादी चांगली गोष्ट बोलून ठेवणे, हे उपाय तिथे चालत होते. यासाठी उपदेशाची गरज पडत नाही. ‘माझा अनुभव वेगळा आहे’, ‘ती इथे असती तर काय म्हणाली असती कोण जाणे’, इतके पुरे. दाद देणारे हसू मात्र टाळावे लागते; निंदा त्यावरच वाढते.

ज्याच्याबद्दल बोलले जाते आहे त्याला रस्ते थोडे आहेत, पण आहेत. बोलण्याचा उगम माहीत असेल तर त्या व्यक्तीशी एकट्याने, शांतपणे बोलणे बऱ्याच वेळा उपयोगी पडते, कारण समोरासमोर तीच गोष्ट पुन्हा उच्चारण्याची फार थोड्यांची तयारी असते. तसे जमत नसेल तर तारीख, शब्द आणि साक्षीदार लिहून ठेवावेत, संदेश जपून ठेवावेत आणि लेखी तक्रार करावी. लिंगाधारित टोमणे आणि चारित्र्यावरची चर्चा यांतून कामाचे वातावरण अपमानास्पद होत असेल तर २०१३ चा कायदा लागू होऊ शकतो. एचआयव्ही असल्याची माहिती संमतीशिवाय उघड करण्याला २०१७ च्या स्वतंत्र कायद्याने मनाई आहे. खोट्या मजकुराने प्रतिष्ठा गेली असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६, म्हणजे पूर्वीच्या दंडसंहितेतली बदनामीची तरतूद, उपलब्ध आहे. हा शेवटचा मार्ग लांबचा, खर्चाचा आणि पुष्कळदा तीच गोष्ट नव्याने चर्चेत आणणारा असतो. म्हणून त्याआधी संस्थेच्या आत, लेखी आणि वेळेवर दाद मिळणे हेच त्या माणसाच्या दृष्टीने सर्वांत गरजेचे.